पुण्याची सायकल

माझ्या लहानपणीं आमच्या मुदखेडांत सायकल ही तासाच्या भाड्यानें आणावयाची वस्तु होती. विकत घेतलेली सायकल दिसावयाची ती बहुधा नव्या जांवयाच्या दारांत. त्यामुळें 1973 सालीं वडिलांबरोबर मी प्रथम पुण्यास गेलों, तेव्हां मला नवल वाटलें तें शनिवारवाड्याचें नव्हे, तर सकाळीं लकडी पुलावरून वाहणाऱ्या सायकलींचें. कारकून, प्राध्यापक, मजूर, कॉलेजांतील मुली, सारीं एकाच प्रवाहांत!

पुण्याला ‘सायकलींचें शहर’ हें नांव कां पडलें? गरिबी हें उत्तर पुरेसें नाहीं. गरीब गांवें पुष्कळ होतीं, पण तीं सर्व सायकलींचीं झालीं नाहींत. पहिलें कारण अंतराचें. जुन्या पेठा एकमेकींना लागून; फर्ग्युसन कॉलेज असो कीं खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, पेठेंतून निघालेला मनुष्य तासाच्या आंत पोंचे. टेकड्या आहेत, पण कडेला. योगायोग असा कीं, ज्या 1885 सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, त्याच सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या चाकांची सायकल बाजारांत आणली. 1888 सालीं डनलॉपचा हवेचा टायर आला. मुंबईचें मात्र उलट. तें शहर उत्तरेस लांबत गेलें आणि लोकांना रेल्वेनें नेलें.

पण अंतराहूनहि मला मोठी वाटते ती लाज नसण्याची गोष्ट. प्राध्यापकच सायकलीवरून येत, मग कारकुनानें कां संकोचावें? शिवाय सायकलीला कराचा बिल्ला होता, रात्रीं दिवा नसला किंवा ‘डबल सीट’ बसविली तर दंड होता, आणि पंक्चर काढणारा जवळच बसलेला असे. ज्या वाहनासाठीं सरकार बिल्ले काढतें, तें वाहन रस्त्यावर हक्कानें चालतें.

मग हें सर्व गेलें कोठें? 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्यानंतर वस्ती दूर दूर पसरली. पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढले, अंतरें लांबलीं, आणि स्कूटर आली. ‘दुचाकी’ हा शब्द पूर्वीं सायकलीचा होता, तोहि स्कूटरनें बळकावला!

हॉलंडांतहि मोटारींनीं सायकलींना असेंच हटविलें होतें. 1971 सालीं तेथें अपघातांत 3,000 हून अधिक माणसें मेलीं, त्यांत 400 हून अधिक मुलें होतीं. आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईनें त्यांच्या म्हणण्याला जोर आला, आणि सायकलींसाठीं निराळे रस्ते झाले. पुण्याच्या महापालिकेनेंहि 2017 सालीं सायकलींचा आराखडा मंजूर केला. पण कागदावरच्या मार्गावर मोटार उभी करतां येत नाहीं, रस्त्यावरच्या मार्गावर येते, हें पुणेकरांस सांगावयास नको.

आमच्या मराठवाड्यांत सायकल आतां मुलींची झाली आहे. मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळूं लागल्या, आणि खेड्यांतून शाळेची वाट जवळ आली. गेल्या जूनमध्यें एका बाईनें मला विचारलें, “गुरुजी, ट्रकच्या रस्त्यानें पोरीला एकटी धाडूं का?” मीं म्हटलें, “एकटी नको, चौघीजणी मिळून जाऊं द्या.” त्या चौघी रोज सकाळीं माझ्या घरावरून एकीमागें एक जातात, मी ओट्यावर बसून मोजतों.