कोहा
ग्रंथालय-व्यवस्थापनाची मुक्तस्रोत संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारीखबदलात टिकणारी नव्हती; म्हणून न्यासाने कातिपो कम्युनिकेशन्सकडून १९९९ मध्ये नवी करवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली व जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली झाली. तालिकीकरण, देवघेव, ग्रंथखरेदी, नियतकालिके आणि वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका हे तिचे प्रमुख विभाग. ती मुख्यतः पर्ल भाषेत लिहिलेली असून नोंदी मार्क २१ प्रमाणकात ठेवता येतात.

परवानाशुल्क नाही म्हणजे खर्चच नाही, हा समज ग्रंथालयांना महागात पडतो. सर्व्हर लागतो, जुन्या नोंदींची साफसफाई व स्थलांतर लागते, आणि लिनक्स जाणणारा माणूस तर लागतोच.

नव्या पुस्तकाची नोंद जतन होते, पण शोधात सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. नोंद विदागारात सुरक्षित असते. मात्र झेब्रा हे शोधयंत्र स्वतःची वेगळी सूची राखते आणि ती अद्ययावत करणारी प्रक्रिया बहुधा बंद पडलेली असते. ती पुन्हा सुरू करावी. तेवढ्याने न भागल्यास संपूर्ण सूची नव्याने बांधावी. झेब्राची मूळ मांडणी लॅटिन लिपी गृहीत धरते, त्यामुळे मराठी संग्रहासाठी आयसीयू पद्धतीची सूची निवडणे आवश्यक ठरते. पुस्तक द्यायला प्रणाली नकार देत असेल, तर त्या वाचकवर्गासाठी देवघेवीचा नियमच भरलेला नाही, असेही अनेकदा आढळते.

मुख्य आवृत्त्या साधारणतः मे व नोव्हेंबरमध्ये निघतात.