पंप काढून कार्बोरेटर? एका उलट्या वाटेचा इतिहास

रेवस बंदरातून मासळी नेणारा जुना ट्रक असो की धक्क्याला लागलेली यांत्रिक होडी, दोघांच्या पोटात डिझेल इंजिन असतं. पंप बिघडला आणि दुरुस्तीचा आकडा ऐकला की मालकाच्या मनात येतं, हा पंप काढून साधा कार्बोरेटर बसवला तर? मेस्त्री हसतो. त्या हसण्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी फरक पाहू. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा सिलिंडरबाहेरच मिसळतो, मग ठिणगी ते मिश्रण पेटवते. डिझेल इंजिन आधी नुसती हवा सोळा-सतरा पट दाबतं. ती इतकी तापते की पंपाने नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. अशा इंजिनाला कार्बोरेटरमधून पेट्रोल पाजलं तर ते वेळेआधीच भडकेल. आणि डिझेल कार्बोरेटरमध्ये नीट वाफाळतच नाही. म्हणजे बदलायचं तर पिस्टनपासून स्पार्क प्लगपर्यंत सगळंच बदला.

कार्बोरेटरचा एक गुण मात्र मोठा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा आपल्याकडे बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. मिश्रण बाहेरच होत असल्याने तेच इंजिन कोळशाच्या गॅसवरही चाललं. ताकद कमी पडली, पण गाड्या थांबल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. जर्मनीत बॉशने १९२७ साली डिझेल पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं होतं. १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि 'मायकोचा पंप' हा शब्द आपल्या गॅरेजांत रुळला. १९५४ साली टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडू लागले. डिझेल स्वस्त, शिवाय तेवढ्याच इंधनात पल्ला जास्त. मग जुन्या डॉज, फार्गो, शेव्हरलेट ट्रकांतली पेट्रोल इंजिनं उतरवून पर्किन्ससारखी डिझेल इंजिनं चढवली गेली. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर माल वाहणं परवडेनासंच झालं. इंजिनाचं नशीब असं इंधनाच्या भावाने ठरवलं.

उलटी वाट पुन्हा उघडली ती धुरामुळे. जुलै १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. तेव्हा काही जुनी डिझेल इंजिनंही बदलली गेली. त्यांचा पंप आणि नोझल काढले, नोझलच्या जागी स्पार्क प्लग आला, दाब कमी केला आणि हवेच्या वाटेवर मिक्सर बसवला. हा मिक्सर म्हणजे कार्बोरेटरचाच सख्खा भाऊ! म्हणजे मालकाचा प्रश्न वेडगळ नव्हता. फक्त तो एका भागाचा नव्हता, अख्ख्या इंजिनाचा होता.

भाषेचा मास्तर म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे'पासून आला, 'उस्ताद' फारसीतून. दोन्हींचा अर्थ गुरू. कार्बोरेटर हा गुरू पेचकस आणि कानाच्या भरवशावर लावायचा. डिझेल पंपाला टेस्ट बेंच लागला, आताच्या गाड्यांना संगणक लागतो. प्रत्येक बदलात त्याच्या हातातलं थोडं ज्ञान निरुपयोगी ठरत गेलं, आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या ओळखीचा एखादा म्हातारा मेस्त्री असेल तर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. हा इतिहास अजून बोलतो आहे.