डोडो, ऊस आणि आपली माणसे

#थ्रेड

१/ मॉरिशसच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूस डोडो पक्षी आहे, दुसऱ्या बाजूस सांबर. दोघांजवळ उसाचे एकेक कांडे उभे आहे. या तिघांपैकी बेटाचा मूळ रहिवासी एकटा डोडो, आणि नामशेष झाला तोही एकटाच. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाने हे चित्र जरा थांबून पाहावे.

२/ डोडो मुळात कबुतराच्या कुळातला. त्याच्या जिवंत नातलगांपैकी सर्वांत जवळचे म्हणजे आपल्याच निकोबार बेटांवरचे निकोबारी कबूतर, हे २००२ साली डीएनए अभ्यासातून दिसून आले. डोडोचे पूर्वज उडतच या ज्वालामुखीजन्य बेटावर पोहोचले असणार.

३/ तिथे शिकार करणारे सस्तन प्राणी नव्हते. भीतीच नाही तर उडण्याची गरज काय? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत गेले, शरीर जड झाले. घरटे जमिनीवर आणि त्यात अंडे एकच, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. त्या बेटावर एवढे पुरेसे होते.

४/ सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजे आली आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरे, पण खरा घाला त्यांच्यामागून आला : उंदीर, डुकरे, माकडे. जमिनीवरचे ते एकुलते अंडे त्यांच्या तावडीतून वाचेना. पुढे जावा बेटावरून हरणे आली, ऊसही आला.

५/ आता हिंदुस्थानाकडे वळू. १६२८ ते १६३४ या काळात इंग्रज प्रवासी पीटर मंडी इथे होता. सुरतेत आपण दोन डोडो पाहिल्याचे त्याने नोंदवले आहे. शिवाजी महाराजांचा जन्म याच वर्षांतला. जहांगिराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे डोडोचे एक चित्र रशियात आहे. डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह चित्रांत त्याची गणना होते.

६/ डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे ग्राह्य मानली जाणारी शेवटची नोंद १६६२ ची. जहाज फुटून अडकलेल्या डच खलाशांनी किनाऱ्याजवळच्या एका बेटुकल्यावर ते पाहिले. इकडे शाहिस्तेखान पुण्यात लाल महालात तळ ठोकून होता. माणसाची गाठ पडल्यापासून शंभर वर्षांच्या आत एक जात संपली.

७/ पुढे तर असा पक्षी होता की ती दर्यावर्दींची थाप होती, अशी शंका घेतली जाऊ लागली. तिचे निरसन व्हायचे तर हाडे हवीत. माहेबूर येथील शिक्षक जॉर्ज क्लार्क सुमारे तीस वर्षे ती शोधत होते.

८/ १८६५ मध्ये ती सापडली. ‘मार ओ सोंज’ नावाच्या दलदलीतून कुली गाळ उपसत होते आणि त्यातली हाडे वेगळी काढून ढीग लावत होते. रेल्वेवरच्या एका इंग्रज अभियंत्याचे तिकडे लक्ष गेले. मग क्लार्कने काही माणसे दलदलीच्या मध्यभागी पाण्यात उतरवली. अनवाणी पायांनी चिखल चाचपत त्यांनी डोडोचे हाड शोधून काढले.

९/ हे कुली कोण? १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत नेले गेले. बहुतेक बिहार आणि तमिळ मुलखातले. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे होती. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचे वाळवे, तासगाव, खानापूरही येत. मॉरिशसचा मराठी समाज आजही गणेशोत्सव साजरा करतो. तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

१०/ हाडे लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. क्लार्क आणि ओवेन इतिहासात आहेत. चिखलात उतरलेले पाय मात्र ‘कुली’ या एका शब्दात उरले.

११/ डोडोलाही असाच एक शब्द चिकटला : मूर्ख. पण २०१६ मध्ये त्याच्या कवटीचा अभ्यास झाला, तेव्हा शरीराच्या मानाने त्याचा मेंदू कबुतराइतकाच भरला. तो माणसाला भ्यायला नाही, कारण भ्यावे असे काही त्याने पाहिलेच नव्हते. याला मूर्खपणा म्हणणे हा मारणाऱ्याचा इतिहास झाला.

१२/ म्हणून राजचिन्हावरच्या त्या उसाकडे पुन्हा पाहावे. तो लावण्यासाठी डोडोचे रान तुटत गेले आणि तोडण्यासाठी आपली माणसे समुद्रापार गेली. चिन्हावर पक्ष्याला जागा मिळाली. माणसांची आठवण आपणच ठेवायची आहे.

(समाप्त)