पुतळ्यांची माळ : एका दागिन्याचा इतिहास

देवीच्या अलंकारांत बोरमाळ, मोहनमाळ, चपलाहार यांच्या जोडीने पुतळ्यांच्या माळेलाही मानाचे स्थान आहे. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीला कडी, आणि त्या रेशमी दोऱ्यात ओवणारा पटवेकरी, इतकी या माळेची साधी घडण होय. परंतु ही पुतळी मूळची कोठली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इटलीतील व्हेनिस या व्यापारी राज्याने इ. स. १२८४ मध्ये सोन्याचे एक नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम व सोने जवळजवळ शुद्ध. इ. स. १७९७ मध्ये ते राज्य लयास जाईपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचा कस व छाप फारसा बदलला नाही. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ते अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्यास आले.

नाण्यावर संत मार्क उभे, त्यांच्यापुढे राज्यप्रमुख गुडघे टेकून बसलेला आणि मध्ये निशाणाची काठी, असे चित्र असे. आपल्या लोकांना त्यात रामसीता दिसली. मानवाकृती म्हणून नाव पडले ‘पुतळी’. पुढे येथील सोनारांनीही तशाच पुतळ्या घडविल्या व त्यांवर लक्ष्मी आली. परक्या देशाचे नाणे अशा रीतीने आपल्या देव्हाऱ्यात येऊन बसले.

स्त्रियांना ही माळ प्रिय होण्यास शोभेइतकेच व्यवहारही कारण होते. ती स्त्रीधन होती. तीन पुतळ्या म्हणजे आजच्या हिशेबाने तोळाभर सोने. अडीनडीला संपूर्ण दागिना न मोडता दोरा सोडून एखादी पुतळी काढता येई. बी-बियाणे, आजारपण, लेकीचे लग्न यांचा भार अशा एकेका पुतळीने उचलला. माळ आखूड होई, पण घर उभे राही.

इ. स. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली व अनेक सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. सुवर्णनियंत्रण कायदा इ. स. १९९० मध्ये रद्द झाला. आता साच्यातून निघालेल्या पातळ, हलक्या पुतळ्या मिळतात.

मंदिराचा जीर्णोद्धार करताना आपण जुना कोरीव दगड जपून ठेवतो. घरातील जुनी माळ मोडीत घालण्यापूर्वीही तिच्या पुतळ्या एकदा उजेडात धरून पाहाव्यात. आजी-पणजीने कोणत्या वर्षी कोणती पुतळी का काढली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. आपल्या घराण्याचा इतिहास त्या दोऱ्यातच ओवलेला आहे.