राजपुत्राची हौस आणि कारभाऱ्याचे दफ्तर

रायपुरात जी. ई. रोडवर उभे असलेले राजकुमार कॉलेज 1882 साली जबलपुरास स्थापन होऊन 1894 साली येथे आले. छत्तीसगडातील व ओडिशाकडील संस्थानिकांच्या मुलांना विद्येबरोबर अश्वारोहणाचे आणि क्रीडांगणाचे वळण लावावे, हा त्या काळच्या सरकारचा हेतू होता. अशाच वळणात, परंतु इंग्लंडातील ईटन येथे, वाढलेला सयामचा एक राजपुत्र पुढे मोटारींच्या शर्यतींत नामांकित झाला. बीरा या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ राजा मोंगकूट यांचे नातू. जन्म 15 जुलै 1914, बँकॉकचा. शिल्पकलेचे शिक्षण चालू असतानाच 1935 साली त्यांनी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर पहिली शर्यत केली.

हौशी स्पर्धक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पैसा उधळणारा बेफिकीर तरुण येतो. बीरांच्या बाबतीत ही कल्पना निम्मीच खरी आहे, कारण त्यांच्या हौसेला चुलत बंधू चुला चक्रबोंगसे यांच्यासारखा कारभारी लाभला होता. एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून चुलांनी ‘रोम्युलस’ ही ई. आर. ए. मोटार दिली आणि त्याच महिन्यात दिएप येथे बीरा तिच्यावर दुसरे आले, पाठोपाठ ‘रेमस’ आली, नंतर ‘हनुमान’ आली (हे शेवटचे नाव वाचून आपल्याकडील कोणाही माणसास परकेपणा वाटू नये!). फिक्या निळ्या रंगाच्या या मोटारींवर पांढऱ्या उंदराचे चिन्ह असे, आणि लंडनच्या हॅमरस्मिथमधील त्यांच्या कारखान्यात लॉफ्टी इंग्लंड यांच्यासारखा, पुढे जॅग्वार कंपनीत नावारूपास आलेला, मेकॅनिक राबत असे. घड्याळ हाती धरून फेऱ्यांची नोंद ठेवणे, चाके व इंधन यांचा अंदाज बांधणे, मार्गाकडेने इशारे देणे, हा सारा बंदोबस्त चुलांचा. शिवाय त्या मोहिमांची हकीकत त्यांनी ग्रंथरूपानेही लिहून ठेवली. 1936 साली मोनॅको येथे प्रिन्स रेनिए चषक मिळाला, आणि ब्रिटिश स्पर्धकसंघाचे सुवर्णतारक 1936, 1937 व 1938 असे लागोपाठ तीन वर्षे बीरांकडे राहिले.

बिंबाजी भोसल्यांच्या पश्चात राजे नागपुरास आणि सुभेदार छत्तीसगडात, अशी व्यवस्था ज्या मुलखाने अनुभवली, त्या मुलखातील वाचकास कारभाऱ्याचे महत्त्व विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. महायुद्धानंतर काही वर्षांतच बंधूंचा हा संयुक्त कारभार संपुष्टात आला. बीरांचे कौशल्य मात्र ओसरले नव्हते: 1950 च्या जागतिक स्पर्धेत मोनॅकोस ते पाचवे व स्वित्झर्लंडात चौथे आले. तथापि 1954 साली रेम्स येथे, तिसरे स्थान हाती आलेले असताना, शेवटच्या फेरीत मोटारीतील इंधन संपले आणि रोबेर मांझों पुढे निघून गेले. जुन्या दफ्तरात असा हिशेब चुकला असता असे मला वाटत नाही. पुढल्याच जानेवारीत न्यूझीलंडच्या आर्डमोर विमानतळावरील शर्यत त्यांनी एकट्याच्या बळावर जिंकली व लवकरच या क्षेत्राचा निरोप घेतला. त्यानंतर 1956 ते 1972 या काळात चार ऑलिंपिकांत त्यांनी शिडाच्या नौका हाकल्या.

23 डिसेंबर 1985 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चालक म्हणून ते आपल्या काळातील आशियातील अग्रगण्य खरेच. परंतु युद्धापूर्वीच्या यशाचा निम्मा वाटा चुलांच्या नावे मांडल्यावाचून तो जमाखर्च पुरा होत नाही.