खर्ज जातो कुठे?

व्हॉल्व्हवर चालणारा जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की वाजवणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते : आवाज मोठा येतो, पण त्यात खर्ज नाही. दोष स्पीकरला दिला जातो. शंकूचा कागद फाटला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ह्या प्रश्नाचे उत्तर स्पीकरपेक्षा त्याच्या पेटीत अधिक सापडते. ते पुरते हाती यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

१९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्यांनी कर्ण्याशिवाय चालणारा स्पीकर मांडला. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. आजचे बहुतेक स्पीकर ह्याच घडणीचे आहेत. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लहर कडेने वळसा घालून पुढे आली की दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. म्हणून शंकूभोवती मोठी फळी हवी, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

ही खोडाखोड खर्जातच का होते? गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर तरंगलांबी ४ मीटरहून थोडी अधिक येते. अर्ध्या मीटरच्या पेटीला वळसा घालताना एवढ्या लांब लहरीची कला फारशी बदलत नाही. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात. त्या बऱ्याचशा सरळ पुढे जातात, म्हणून वाचतात.

कॅलिफोर्नियात लिओ फेंडर बनवत त्या अ‍ॅम्प्लिफायरांची पाठ बहुधा उघडी असे. पेटी हलकी राही, व्हॉल्व्हची उष्णता निघून जाई. त्यांचा १९५२ चा ‘बॅसमन’ खास बेस गिटारसाठी होता, आणि तिची जाड तार तर ४१ हर्ट्झची! त्या दशकाच्या अखेरीस ‘बॅसमन’मध्ये दहा इंची चार स्पीकर होते आणि पाठ उघडी होती. तो अधिक गाजला तो साध्या गिटारसाठी. १९६२ पासून लंडनमध्ये जिम मार्शल ह्यांच्याकडे जवळजवळ त्याच परिपथाचे अ‍ॅम्प्लिफायर बनू लागले. पण त्यांच्या जोडीला बारा इंची चार स्पीकर बंद पाठीच्या वेगळ्या पेटीत बसवले गेले. मागची लहर कोंडली गेली, आवाज भरदार झाला.

मग पाठ बंद केली की काम झाले? तसे नाही. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. शंकूची नैसर्गिक वारंवारता वर चढते आणि तिच्याखालचे स्वर क्षीण होतात. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर ह्यांनी ह्याच अडचणीचा उपयोग केला : शंकूची बैठक मुद्दाम सैल ठेवून स्प्रिंगचे काम हवेवर सोपवले. लहान पेटीतून खोल खर्ज मिळाला, पण तेवढ्याच आवाजाला बरीच अधिक विद्युतशक्ती लागू लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, ह्या तिघांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. गिटारच्या स्पीकरने मोठा आवाज निवडलेला असतो. म्हणून त्याचा शंकू हलका आणि बैठक ताठ असते.

तिसरा मार्ग ह्याहून जुना. बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास ह्यांना १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक स्वरात घुमते. पेटीला योग्य मापाचे भोक ठेवले तर तीही तशीच घुमते आणि मागची लहर उलटून पुढच्या लहरीला साथ देते. पण योग्य माप कोणते? ते बव्हंशी अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील ह्यांनी १९६१ मध्ये त्याचे गणित मांडले : स्पीकरच्या मोजता येणाऱ्या मोजक्या राशींवरून पेटी आणि भोक दोन्ही आधीच ठरवता येतात. हा लेख ऑस्ट्रेलियाबाहेर फारसा कोणी वाचला नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला, सिडनीच्या रिचर्ड स्मॉल ह्यांनी तो विषय पुढे नेला, आणि मग जगाने ते गणित स्वीकारले. दरम्यानची दहा वर्षे कित्येकांनी भोके अंदाजानेच पाडली.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ह्यातून काय घेता येते? पेटी भिंतीजवळ जमिनीवर ठेवावी; भिंत आणि जमीन खर्जाला आधार देतात. मागचा काही भाग फळीने झाकावा, पण उष्णता जाण्यापुरती फट ठेवावी. भोक मात्र मोजमापाशिवाय पाडू नये. व्हॉल्व्हच्या उपकरणात बंद केल्यावरही धारित्रांमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. आतल्या भागाला विद्यार्थ्यांनी हात लावू नये.

वर्गासाठी सोपा प्रयोग आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा सुटा स्पीकर लांब तारांनी जोडून त्यावर तबल्याचे वादन लावा. डग्गा जवळजवळ ऐकू येणार नाही. आता दोन-तीन फूट लांबीरुंदीच्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे गोल भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. आवाजाचे बटण कोणी फिरवलेले नसताना डग्गा कुठून आला, हे मुलांनाच विचारा.