दलदलीतले हरीण, तीरकामठा आणि कायदा

नागपूरच्या सक्करदरा भागातून जाणारा उमरेड मार्ग पुढे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या दिशेने जातो. या अभयारण्यालगत गोसेखुर्द धरणाचे पाणी पसरलेले आहे. पाणी, चिखल आणि दाट झुडपे एकत्र आली की चितळ-सांबरांना उत्तम लपण मिळते. अशा भूभागात धनुष्यबाणाने हरीण टिपणे हे शिकारविद्येतील अत्यंत कठीण काम होय.

त्याचे पहिले कारण अंतर. बंदुकीची गोळी दूरवरून लागते. धनुष्याचा भरवसा साधारणतः वीस-तीस मीटरपर्यंतच. त्यामुळे शिकाऱ्याला सर्वप्रथम वाऱ्याचा विचार करावा लागतो. वारा हरणाकडून आपल्याकडे येत असेल तरच बसण्यात अर्थ असतो. दुसरा विचार जागेचा. दलदलीतही हरीण विश्रांतीसाठी कोरडा उंचवटा शोधते आणि तेथून चरण्यास जाताना घट्ट जमिनीच्या अरुंद पट्ट्यावरून चालते. मचाण बांधायचे ते या पट्ट्याजवळ. तिसरी गोष्ट संयमाची. बाणाने जनावर मरते ते रक्तस्रावाने. म्हणून नेम पुढच्या पायामागे, फुप्फुसावर धरतात आणि बाण लागल्यावर काही काळ थांबूनच माग काढतात. घाई केल्यास जखमी जनावर पाण्यात शिरते आणि रक्ताचा माग तेथेच पुसला जातो.

अमेरिकेत ही शिकार आजही परवान्याने, सार्वजनिक जमिनीवरही चालते. विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धाऱ्यांसाठी स्वतंत्र हंगाम १९३४ मध्येच सुरू केला. आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची असे. मध्य प्रांतातील जमातींचा असा तपशील रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथात आढळतो.

भारतात मात्र चित्र वेगळे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये परवान्याने काही शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो संपला. फास लावणे, हाका घालणे, आमिष दाखवणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याची वाटही मोकळी झाली. त्याच बांबूचा तीरकामठा करून हरीण मारण्याची मुभा मात्र नाही.

तीरकामठा मागे पडला, तरी चोरटी शिकार थांबली नाही. तिची जागा फासाने आणि वीजप्रवाह सोडलेल्या तारेने घेतली. धनुर्धाऱ्याला आपले सावज निवडता येते. तार हरीण, वाघ आणि माणूस यांत भेद करीत नाही. याच अभयारण्यातील प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेने मरण पावला.

वारा ओळखणे, माग वाचणे, मचाणावर निश्चल बसणे ही कौशल्ये अजूनही उपयोगी आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांच्या नोंदी घेताना त्यांचाच कस लागतो. तेथे हाती धनुष्य नसते, असते ती नोंदवही.